करकोच्यांच्या चिंचा

आमच्या गावात करकोचे आले की हलगी बंद होत असे. पौष सरता सरता तळ्याकाठच्या चिंचांवर पहिली जोडी उतरली की कोतवाल चावडीवरून ओरडून सांगत जाई. तेव्हापासून पिल्लं उडून जाईपर्यंत, म्हणजे वैशाख अखेरपर्यंत, तळ्याच्या वाटेनं कुणी वाजतगाजत जात नसे. लग्नाची वरात असली तरी चावडीपाशी वाजंत्री थांबे. नवरदेव गुपचूप तळ्यावरून पुढे जाई आणि पलीकडे मारुतीपाशी पोचल्यावर वाजंत्री पुन्हा सुरू होई.

गावाची समजूत अशी, की या माद्या म्हणजे गावच्या लेकी, बाळंतपणाला माहेरी आलेल्या. बाळंतिणीच्या उशाशी कुणी हलगी वाजवतं का?

एकदा परगावचं वऱ्हाड आलं. त्यांना हे ठाऊक नव्हतं. आमचे पाटील वाटेत आडवे आले.

"वाजवणं बंद करा. आमच्या लेकी बाळंतपणाला आल्यात."

नवऱ्या मुलाचा बाप चिडला. "किती लेकी हायेत तुम्हाला पाटील?"

"मोजल्या न्हाईत. झाडावर हायेत, वर बघा."

त्यानं वर पाहिलं. चिंचेच्या शेंड्याशेंड्यावर काटक्यांची घरटी आणि प्रत्येक घरट्यात एक उंच पांढरा पक्षी उभा. तो म्हणाला, "मग जावई कमावते दिसतात. सगळ्यांचं भागवून राहिलेत." वऱ्हाड हसलं, आणि हसत हसत मुक्यानं पुढे गेलं.

मुदखेडच्या स्टेशनावरून सकाळी बैलगाडीनं निघालं की जेवणाच्या वेळेला आमचं गाव येई. तळं लहान, पण गोदावरीचे डोह लांब नव्हते. करकोचे तिथून मासे आणत. पांढरं अंग, पंखांवर काळे पट्टे, शेपटीपाशी गुलाल सांडल्यासारखी पिसं आणि लांब पिवळी चोच. पुस्तकात त्यांना चित्रबलाक म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. ते आले की सवाष्णी सर्वांत थोरल्या चिंचेची ओटी भरत: गहू, हळकुंड, खोबऱ्याची वाटी आणि जुन्या लुगड्याचा का होईना, एक खण. त्या झाडांच्या चिंचा कुणी झोडत नसे. खाली पडतील तेवढ्याच वेचायच्या. झाडं सरकारी होती. दरसाल चिंचांचा हर्राज होई, पण तळ्याकाठच्या झाडांवर गावातला माणूस बोली लावत नसे आणि बाहेरच्याला लावू देत नसे.

ओटी भरणाऱ्यांत माझी आत्या पुढे असे. तिचं सासर शिरूर अनंतपाळच्या बाजूला होतं. मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं दुसरं लग्न केलं आणि माझे वडील तिला घेऊन आले. नवरा जिवंत होता म्हणून ती सवाष्ण, पण नांदायला कधी परत गेली नाही. बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकी वैशाखात परत जात. ही तेवढी राहिली.

आमचं घर गावाच्या टोकाला, तळ्याजवळचं शेवटचं. आत्यानं आपण होऊन करकोच्यांची राखण अंगावर घेतली होती. कावळ्यांना हुसकावायचं, कुत्र्यांना दगड मारायचे, गलोल घेऊन आलेल्या पोरांचे कान पिळायचे. वाऱ्यानं पिल्लू खाली पडलं तर ती डालग्याखाली झाकून ठेवी आणि भोयाकडून बारीक मासळी आणून त्याला भरवी. बहुतेक पिल्लं मरत. एखादं जगे. उडता येऊ लागलं की ते ओसरीवरून डुलत डुलत तळ्याकडे चालू लागे आणि आत्या मागून, "जा बाई जा, तुझी आई वाट बघून राहिली," असं म्हणत जाई.

पाणवठ्यावर बायका टोमणे मारत. एक म्हातारी एकदा म्हणाली, "हिची लेकरं झाडावर वाढतात बाई."

"हाव, झाडावरच हायेत," आत्या घागर उचलत म्हणाली. "तुमच्यावानी उकिरड्यावर लोळत न्हाईत."

या बोलण्यात राग असे, पण मानही असे. पौषात पहिली जोडी उतरली की ओटी कधी भरायची हे विचारायला तीच म्हातारी आत्याकडे येई. गावात एका टाकलेल्या बाईला कुणी काही विचारायला यावं, अशी दुसरी कोणतीही गोष्ट तिच्याजवळ नव्हती.

मी तेव्हा हैदराबादला कॉलेजात होतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी अक्षर गिरवलं नव्हतं. नांदेडच्या शाळेतल्या मौलवीसाहेबांनी मला उर्दू, फारसी शिकवली, आणि मॅट्रिकनंतर माझं शिक्षण थांबू नये म्हणून ते उन्हातान्हात आमच्या गावी येऊन वडिलांच्या शेजारी बाजेवर बसले. "लडका पढेगा तो तुम्हारा क्या जाएगा? बैल तो और मिल जाएगा," असं त्यांनी वडिलांना विचारलं होतं. मी आज जे काही चार शब्द लिहितो ते त्यांच्यामुळे. हे सांगायची संधी मी सोडत नाही.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळेनासं झालं होतं आणि मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. मोटारीच्या पाठीशी बंबासारखी भट्टी बांधलेली असे. लाकडी कोळशाला मागणी आली आणि ठेके घेणारे गुत्तेदार गावोगाव झाडं शोधत फिरू लागले. चिंचेचा कोळसा कडक जळतो. दिवाळीच्या सुटीत मी घरी आलो तेव्हा पटवाऱ्यानं बातमी आणली की तळ्याकाठच्या चिंचा एका गुत्तेदाराला मंजूर होणार. महसुलाचे गिर्दावरसाहेब येऊन झाडांवर खुणा करतील आणि मग कुऱ्हाड लागेल.

आत्या त्या दिवशी जेवली नाही. मला म्हणाली, "तू लई शिकलास म्हणतात. एवढं थांबव."

मी नांदेडला मौलवीसाहेबांकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसला, बोरू काढला आणि सुंदर अक्षरात दरख्वास्त लिहिली. मध्येच थांबून हसले. "मियाँ, इन्सानों के वास्ते तो बहुत लिखीं. परिंदों की तरफ से ये पहली है."

आम्ही दोघे मिळून तहसील कचेरीत गेलो. तहसीलदार भला माणूस होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, पण त्याच्यापाशी कायदा नव्हता. शिकारीला परवाना लागतो, म्हणाला, हरणासाठी आहे, वाघासाठी आहे. पण पक्षी झाडावर राहतो म्हणून झाड तोडू नये, असा हुकूम कुठे लिहिलेला नाही. आम्ही उठलो, तेव्हा कचेरीतला कारकून, पेशकार, दरवाजापर्यंत आला आणि हळूच म्हणाला, "उन झाडों के नीचे कोई दर्गा-मंदिर है क्या? हो तो कोई हाथ नहीं लगाएगा."

मी हे गावात येऊन जसंच्या तसं सांगितलं. चावडीवर बैठक भरली. पाटलांचा चेहरा उजळला. "एवढंच ना? देव बसवायला कितीसा येळ लागतो!"

कोणता देव यावर मात्र बराच वेळ गेला. मारुती गावाला होताच. कुणी म्हणालं खंडोबा. पण खंडोबाला पायऱ्या पाहिजेत. पाटलांच्या मनात म्हसोबा होता. आत्या बाहेर पायरीखाली उभी होती. बायका चावडीत बोलत नसत. ती तिथूनच म्हणाली, "बाळंतिणीच्या झाडाखाली म्हसोबा कशापायी? सटवाई बसवा."

चावडीतल्या माना पायरीकडे वळल्या. नंतर पाटील म्हणाले, "बाई बरोबर बोलली."

पाचवीच्या रात्री येऊन लेकराच्या कपाळावर नशीब लिहिते ती सटवाई. तिची कृपा असली तर लेकरू जगतं, कोपली तर जात राहतं. झाडावर इतकी पिल्लं जन्मतात. त्यांना राखायला तिच्याहून योग्य कोण? आत्यानं स्वतः तळ्यातला दगड निवडला. दोघा गड्यांनी तो पहारीनं उखडून थोरल्या चिंचेच्या बुंध्याशी बसवला. आत्यानं तेलात शेंदूर कालवून त्याला लेप दिला. तिचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते आणि ती हसत होती. तिला मी इतकं मोकळं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

गिर्दावरसाहेब आले. शेंदूर पाहून त्यांनी लांबच जोडे काढले. सोबतच्या माणसाला झाडं देवीची असल्याचं लिहून घ्यायला सांगितलं आणि पाटलांकडे बारीक डोळ्यांनी पाहिलं. "ये देवी कब से है, पटेल?"

"लई जुनी, साहेब. आमच्या आज्याच्या बी आधीची."

"रंग तो बहुत ताज़ा है."

"दर साल लावतो, साहेब."

गिर्दावर हसले. निघताना मात्र गंभीर झाले. त्यांच्या मुलीचं तान्हं मूल आजारी होतं. त्यांनी देवीपुढे चवली ठेवली आणि काही पुटपुटले. गुत्तेदार दुसऱ्या गावच्या बाभळींकडे वळला. पौषात करकोचे आले, ओटी भरली, हलगी बंद झाली. मी हैदराबादला परतलो तेव्हा एक चांगली गोष्ट हातून घडली असं मला मनापासून वाटत होतं.

गिर्दावरांच्या नातवाला उतार पडला. त्यांनी गावाला पेढे पाठवले आणि जिथे जिथे दौऱ्यावर गेले तिथे तिथे हे सांगितलं. सरकारी माणसानं, त्यातून मुसलमान साहेबानं सांगितलेली गोष्ट. कोण अविश्वास धरणार? पुढच्या माघात लांबलांबच्या बायका लेकरं घेऊन आल्या. त्याच्या पुढच्या साली मुदखेडला गाडीतून उतरून बैलगाड्यांनी येऊ लागल्या. जावळं होऊ लागली, नवसाची बकरी कापून कंदुऱ्या होऊ लागल्या. शेतकऱ्याला सवड सापडते ती सुगीनंतर, माघापासून वैशाखापर्यंत. करकोच्यांचे महिनेही तेच.

सटवाईला वाजतगाजत जायचं असतं. सुरुवातीला पाटलांनी चावडीपाशी हलगी थांबवून पाहिली. बाहेरगावची माणसं म्हणत, "देवीला मुक्यानं कसं जायचं? तिनं लेकरू दिलं आमाला." पाटील वाटेतून बाजूला झाले. नवरदेव मुका जाऊ शकतो. देवीचा नवस मुका कसा फेडणार?

मी बी.ए.ची परीक्षा देऊन आलो तेव्हा झाडांखाली तीन दगडांच्या चुली जागोजाग मांडलेल्या होत्या. बकरी कापली जात होती. आतड्यांवर कुत्री भांडत होती आणि कावळे इतके जमले होते की फांद्या काळ्या दिसत. धूर सरळ घरट्यांत जाई. करकोचे उठत, तळ्यावर घिरट्या घालत, परत येत, पुन्हा उठत. ते उठले की कावळे अंडी फोडत. खाली पडलेली पिल्लं आत्या डालग्याखाली ठेवायची. आता डालगं पुरत नव्हतं.

तिनं एका चुलीपाशी जाऊन हात जोडले. "माय, धूर करू नका. वर बाळंतिणी हायेत."

"आमची बी बाळंतीणच हाय की," तिथली एक बाई म्हणाली. मांडीवरचं सुनेचं लेकरू दाखवत तिनं विचारलं, "तुम्हाला किती लेकरं, बाई?"

मागून गावातलंच कुणीतरी कुजबुजलं. त्या बाईनं लेकरू पदराखाली घेतलं आणि म्हणाली, "मग जरा बाजूला सरा. जावळाचं लेकरू हाय. तुमची सावली नगं."

आत्या बाजूला सरली. तिनंच बसवलेल्या देवीपासून ती इतकी लांब सरली, की नंतर तिनं कधी त्या दगडाला शेंदूर लावला नाही. ते काम एका गुरवानं घेतलं.

मी तेव्हा नुकताच पदवीधर झालो होतो आणि मला उपाय सुचला. पाटलांना म्हणालो, देवी पलीकडे माळावर नेऊन बसवा. मोठा चौथरा बांधा, लोक तिथं जातील. झाडं देवीच्या नावानं नोंदलेली आहेत, ती तशीच राहतील. पाटलांनी दोन्ही कानांना हात लावले.

"बसवलेली देवी उठवायची? तू शिकलास, तुला भ्या न्हाई. गावात एक लेकरू दगावलं तर लोक कुणाकडं बघतील?"

मी आत्याकडे आलो. ती तरी माझ्या बाजूनं बोलेल असं वाटलं होतं. डालग्याखाली एक पिल्लू मान टाकून पडलं होतं. त्याच्या चोचीत ती पाणी सोडत होती.

"नगं उठवू," ती म्हणाली.

"अगं, पण पक्षी जातील."

"जातील."

"मग?"

"कुणाचं लेकरू गेलं तर? मी बसवली तिला. तिला राग आला तर माझ्यावर न्हाई यायचा, माझ्याकडं काय हाय? दुसऱ्याच्या पाळण्यावर यील."

मी वाद घालू लागलो. दगड तळ्यातला आहे, तूच निवडलास, मी पाहिलं आहे, असं मी म्हणालो. तिनं माझ्याकडे पाहिलं. "दगड तळ्यातला होता. आता न्हाई," ती म्हणाली. पिल्लू संध्याकाळपर्यंत मेलं.

त्या साली पुष्कळ घरटी अर्ध्यातच सोडली गेली. पुढच्या पौषात थोड्याच जोड्या आल्या आणि माघात पहिली कंदुरी होताच उठून गेल्या. त्यानंतरच्या वर्षी मी गावातच होतो, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. सकाळी दहाबारा करकोचे उंचावरून आले. तळ्यावर फिरले. एक उतरून थोरल्या चिंचेच्या शेंड्यावर बसला. आत्या गव्हाचं सूप, हळकुंड, खण घेऊन निघाली होती. दोन म्हाताऱ्या तिच्याबरोबर होत्या. त्या झाडाजवळ पोचण्याआधीच तो पक्षी उठला आणि सगळे गोदावरीच्या दिशेनं गेले. आत्या तिथेच उभी राहिली. एक म्हातारी म्हणाली, "आता आलोच हावोत तर देवीची भरू ओटी." आत्यानं सूप त्यांच्या हाती दिलं. दोघींनी देवीची ओटी भरली, आत्या घरी परतली.

पुन्हा करकोचे आले नाहीत. नांदेडच्या कॉलेजातली काही मुलं अलीकडे दुर्बिणी घेऊन तळ्यातळ्यांवर फिरतात, जुन्या वसाहती कुठे होत्या हे म्हाताऱ्यांना विचारतात. भली मुलं आहेत. एकानं मला विचारलं, "आजोबा, झाडं तुटली का?" मी म्हणालो, नाही, झाडं आहेत. त्याला वाटलं मी चुकून बोललो. तो पुन्हा विचारू लागला, तेव्हा मी त्याला गावी जाऊन पाहायला सांगितलं. जाऊन आल्यावर त्यानं सांगितलं की चिंचा फार सुरेख आहेत, एवढ्या जुन्या चिंचा त्यानं कुठे पाहिल्या नाहीत.

मला लातूरला शाळेत नोकरी लागली. वडील वारले होते आणि आत्याला गावात ठेवण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून तिलाही घेऊन गेलो. गंजाजवळ एका धान्याच्या आडतीच्या मागे दोन खोल्या होत्या. दिवसभर पोत्यांची धूळ येई. सांडलेल्या धान्यावर पारवे आणि चिमण्या तुटून पडत. आत्या दाराशी बसून तूर निवडे, पण पाखरांकडे बघत नसे. चिमण्या तिच्या सुपापर्यंत येत. ती हाकलतही नसे. शेजारणीनं माहेर कुठलं विचारलं, तर ती मुदखेडकडचं म्हणे. तळ्याचं, झाडांचं काही सांगत नसे. पुढे गावोगाव फार वाईट दिवस आले. ते इथे सांगत नाही.

त्याआधी मला मुलगा झाला. बायको माहेराहून त्याला घेऊन आली तेव्हा आत्यानं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, पण लेकरू हातात घेतलं नाही. बायकोला वाटलं म्हातारपणानं हात थरथरत असतील. जावळाची गोष्ट निघाली, तेव्हा मी म्हणालो की लातूरलाच कुठे तरी करू. आत्या आतून बोलली, "आपली सटवाई असताना दुसरीकडं कशापायी? तिथंच ने."

"तू चल."

"मी न्हाई."

आम्ही गेलो. मुदखेडला उतरलो. चावडीपाशी हलगीवाला तयार होता आणि त्यानं आम्हाला विचारलंही नाही. वाजवतच पुढे निघाला. झाडांखाली गर्दी होती. मुलाचे केस काढले, तो रडला, माणसं हसली. सगळ्यांच्या माना खाली लेकराकडे होत्या. मी वर पाहिलं. चिंचांना गाभुळलेली फळं लोंबत होती आणि ती झोडायला दोन पोरं काठ्या घेऊन वर चढली होती.

लातूरला परत आलो तेव्हा आत्या दाराशीच होती.

"चिंचा कशा हायेत?"

"हिरव्यागार. थोरलीला पार बांधलाय."

"वर काही दिसलं?"

"न्हाई."

तिनं मान हलवली. बायकोनं मुलाला पुढे केलं. त्याचं गुळगुळीत डोकं उन्हात चकाकत होतं. आत्यानं दोन्ही हात लुगड्याला पुसले. ते पुढे केलेही. मग मागे घेतले.

"झोपलंय," ती म्हणाली. "असू दे. आत निजव त्याला."

मूल जागं होतं. ते तिच्याकडेच बघत होतं.